शिशाचे शिपाई : छंद, पैसा आणि घरातली लहान मुले

जुन्या, चकचकीत रंगाच्या शिशाच्या शिपायांनी आपल्यापैकी काही घरांत प्रवेश केला आहे. लिक्सलिप, सेलब्रिज, मेनूथ या पट्ट्यात राहणाऱ्या मंडळींना रविवारचे कार बूट सेल आणि गावातली चॅरिटी शॉप्स नवीन नाहीत. तिथे एखाद्या बिस्किटाच्या जुन्या डब्यात दहा-बारा लाल कोटाचे शिपाई, एखादा भालाईत घोडेस्वार, पाय मोडलेला बँडवाला असे सैन्य पडलेले असते. दहा युरोला अख्खा डबा. घरी येऊन शोधाशोध केली की तसाच एक संच कुठल्याशा लिलावात शेकड्यांत गेलेला दिसतो आणि डोक्यात चक्रे फिरू लागतात. "यात थोडे पैसे गुंतवावेत का?" असे मंडळाच्या कार्यक्रमांत दोघा-तिघांनी विचारले, म्हणून हा लेख.

खरे तर आधी यायला हवा होता तो प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. घरात दोन-तीन वर्षांचे मूल असताना हे शिपाई आणावेत का? या सदरात आरोग्य आणि अर्थ शेजारी शेजारी नांदतात, तेव्हा दोन्ही बाजू एकदमच पाहू.

आधी हे शिपाई म्हणजे काय ते समजून घेऊ. युरोपात धातूचे शिपाई फार पूर्वीपासून होते. जर्मनीत ते भरीव किंवा चपटे असत आणि महागही पडत. १८९३ मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटन कंपनीने एक युक्ती काढली. वितळलेले शिसे साच्यात ओतायचे, साच्याला लागून पातळ थर थिजला की उरलेले शिसे बाहेर ओतून टाकायचे. शिपाई आतून पोकळ राहतो, धातू कमी लागतो, वजन घटते, आणि मुख्य म्हणजे किंमत घटते. आठ पायदळ किंवा पाच घोडेस्वारांची लाल कागदाची पेटी एका शिलिंगला मिळू लागली आणि जर्मन मालाची सद्दी संपत गेली. उभ्या शिपायाची उंची ५४ मिलिमीटर, म्हणजे सव्वादोन इंचांच्या आतबाहेर. हेच माप पुढे सगळ्या जगाने उचलले. रंग एनॅमलचा, चकचकीत, गाल गुलाबी, डोळ्यांच्या जागी ठिपके. हुबेहूबपणाचा आव नाही. संग्राहकांना आज भुरळ पडते ती या चकाकीचीच.

पोकळ शिशाचे हे उत्पादन ब्रिटन्सने १९६६ मध्ये बंद केले. प्लॅस्टिकची स्पर्धा होतीच, शिवाय खेळण्यांतल्या शिशाविषयी नियम कडक होत होते. म्हणजे 'जुना ब्रिटन्स' म्हणून जो शिपाई हातात येतो तो १८९३ ते १९६६ या काळातला. १९७३ पासून कंपनीने पुन्हा धातूचे शिपाई काढले, आणि त्याच सुमारास ब्रिटनमध्ये लहान-लहान कारागिरांनी जुन्या चकचकीत धाटणीचे नवे शिपाई घडवायला सुरुवात केली. वेल्समधले 'ट्रॉफी' हे त्यातले एक जाणते नाव. हा माल दिसायला जुन्यासारखाच, पण तो जुना नव्हे, आणि त्याचा बाजारही वेगळा. पहिली फसगत इथेच होते.

आपल्याला या छंदात ओढ वाटण्याचे एक कारण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटन्सने हिंदुस्थानी फौजेचे संच काढले. मद्रास, बंगाल आणि आपली मुंबईही त्यांत आहे. ६६ क्रमांकाचा संच बॉम्बे लान्सर्सचा, ६८ क्रमांकाचा सेकंड बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीचा. ज्या पलटणींत आपल्या मुलखातली माणसे भरती होत, त्यांचे इवलेसे पुतळे उत्तर लंडनच्या कारखान्यात ओतले गेले, इंग्रज मुलांच्या जमिनीवरच्या लढायांत लढले, आणि आता इंटेलमध्ये काम करणारा एखादा सातारकर लिक्सलिपच्या घरात ते काचेच्या कपाटात मांडतो. याला अभिमान म्हणावे की विनोद, ते ज्याने त्याने ठरवावे. मला दोन्ही वाटते. पण एवढे खरे, की हिंदुस्थानी संचांना नेहमीच्या लाल कोटवाल्यांपेक्षा मागणी जास्त असते, आणि म्हणून त्यांच्या नकलाही जास्त असतात.

आता आरोग्याचे.

शिसे आपल्याला परके नाही. मारुतीला लावतो तो अस्सल शेंदूर म्हणजे शिशाचेच ऑक्साइड. जुन्या रंगाऱ्यांचा सफेदा हीही शिशाचीच पांढरी पूड. आजी शेंदराचे बोट तोंडात घालू देत नसे ते उगाच नव्हे. शिशाचा शिपाई कपाटात उभा असेल तर तो कोणाला काही करत नाही. धातू हवेतून उडत नाही. अपाय होतो तो तोंडावाटे आणि धुळीवाटे. जुना एनॅमल रंग स्वतःच बहुधा शिसेयुक्त असतो, तो टवके होऊन गळतो. रंग गेलेल्या जागी उघडे शिसे बोटांना लागते. बोटे तोंडात जातात. दोन वर्षांचे मूल तर शिपायाचे डोकेच चावून पाहते, आणि रंगाची चकाकी त्याला चॉकलेटच्या कागदासारखी खुणावते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शरीरातल्या शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी ठाऊक नाही, आणि पोटात गेलेल्या शिशातला प्रौढांपेक्षा चार-पाच पट भाग लहान मुले शोषून घेतात. अपाय मेंदूच्या वाढीला होतो. लक्ष न लागणे, शिकण्यात मागे पडणे, चिडचिड. लक्षणे इतकी साधी असतात की शिशाचा संशय कोणाला येत नाही. शरीरात लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर शिसे जास्त शोषले जाते. आपल्या अनेक शाकाहारी घरांत मुलांचे लोह मुळातच काठावर असते, ही गोष्ट इथे विसरून चालणार नाही. गरोदर बाईच्या रक्तातले शिसे वारेतून बाळापर्यंत पोहोचते, आणि लहानपणी हाडांत साठलेले शिसे गरोदरपणात पुन्हा रक्तात उतरू शकते. म्हणून घरात पाळणा हलणार असेल तर शिपायांची रंगसफेदी, घासपूस हे उद्योग कोणीच घरात करू नयेत.

तुकडा गिळला गेला तर गोष्ट वेगळ्या पातळीवर जाते. पोटातल्या आम्लात शिसे विरघळत राहते. २००६ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा राज्यात चार वर्षांचा एक मुलगा दगावला. बुटांसोबत फुकट मिळालेले बदामाच्या आकाराचे छोटे लटकन त्याने गिळले होते, आणि ते जवळजवळ निव्वळ शिशाचे निघाले. सुरुवातीला उलट्या होत होत्या, म्हणून पोटाचा साधा संसर्ग समजून त्याला घरी पाठवले गेले होते. शिपायाची बंदूक, हात, घोड्याचे शेपूट हे तुकडे त्या लटकनाएवढेच असतात. असे काही झाल्याचा नुसता संशय आला तरी थांबू नका. डब्लिनच्या बोमाँट रुग्णालयातल्या राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा पालकांसाठीचा फोन ०१ ८०९ २१६६, सकाळी आठ ते रात्री दहा. मूल अस्वस्थ असेल तर थेट ११२ किंवा ९९९. आणि डॉक्टरांना 'शिसे' हा शब्द आपणहून सांगा. क्ष-किरणात धातू लख्ख दिसतो, पण तो शोधायचा हे आधी कोणाला तरी सुचायला हवे.

मूल बरेच दिवस अशा शिपायांशी खेळत आले असेल तर जीपीकडे रक्तातल्या शिशाच्या तपासणीविषयी विचारावे. अमेरिकेतल्या रोगनियंत्रण केंद्राने २०२१ पासून मुलांसाठी लक्ष देण्याची पातळी दर डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम धरली आहे. पूर्वी ती कितीतरी जास्त होती. 'आम्ही लहानपणी खेळलो, आम्हाला काय झाले' हे म्हणणाऱ्यांनी हा बदल लक्षात घ्यावा.

आपल्याच सवयींतल्या दोन इथे आड येतात. पहिली घासण्याची. पितळेची समई चिंचेने, पितांबरीने लखलखीत करणारा हात शिशाच्या शिपायाकडेही वळतो. तसे करू नये. शिशाची धूळ उडते, रंग जातो, आणि पुढे पाहू त्याप्रमाणे किंमतही जाते. दुसरी सवय दिवाळीच्या किल्ल्याची. इथल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसात किल्ला गॅरेजमध्ये किंवा मागच्या काचेच्या खोलीत होतो, पण होतो. पुण्याच्या कुंभारवाड्यातले मातीचे मावळे विमानात फुटतात, म्हणून कार बूट सेलचे शिपाई गडावर पहाऱ्याला उभे करण्याची कल्पना सुचते. ओल्या मातीत शिसे, आणि त्याच मातीत मुलांचे हात. त्यापेक्षा प्लॅस्टिकचे शिपाई बरे, नाहीतर मुलांनीच पिठाचे किंवा चिकणमातीचे मावळे करावेत. जाता जाता आणखी एक. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर कडक मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीची आपली रंगीत लाकडी, मातीची खेळणी माळ्यावर असतील तर तीही शोकेसमध्येच शोभतात. लहानग्याच्या तोंडात नकोत.

मोठ्यांसाठी नियम फार नाहीत. शिपाई हाताळले की साबणाने हात धुवावेत. जेवणाच्या टेबलावर ते मांडू नयेत. कपाट मुलांच्या हाताच्या वर आणि कुलपात. जुना रंग खरवडू नये. घरी ओतकाम करायची हौस असेल तर स्वयंपाकघरात, स्वयंपाकाच्या भांड्यात मुळीच नाही. शिसे ३२७ अंशांना वितळते, त्या धुराचा आणि राखेचा संबंध पोळीच्या तव्याशी येता कामा नये. शिसे नसलेला मिश्रधातू मिळतो, तोच घ्यावा.

कपाटावरून आठवले. शिशालाही एक रोग होतो. शिपायावर पिठासारखी पांढरी भुकटी धरते आणि तो हळूहळू आतून खाल्ला जातो. कारण दमट हवा आणि लाकडातून, पुठ्ठ्यातून निघणारी आम्लाची वाफ. ओकचे लाकूड यात सर्वांत वाईट. लिफीच्या काठच्या दमट घरात, हौसेने घेतलेल्या ओकच्या कपाटात, दारे घट्ट लावून ठेवलेला संच काही वर्षांत खराब होऊ शकतो. काच आणि धातूचे कपाट, थोडी खेळती हवा आणि ओल शोषणाऱ्या पुड्या एवढे पुरे. ती पांढरी भुकटी म्हणजे शिशाचा क्षारच, फुंकर मारून उडवू नये.

आता पैशाचे.

किंमत ठरते ती दुर्मिळता, रंगाची अवस्था आणि मूळ पेटी यांवर. रंग मूळचा हवा, जिथे हात लागतो तिथे थोडा झिजलेला असला तरी चालेल. नव्याने रंगवलेला शिपाई कितीही देखणा असो, जाणकाराच्या लेखी त्याची किंमत खाली येते. मूळ पेटी, तिच्यावरचा लेबलचा कागद, शिपाई बांधायचा दोरा यांनी भाव पुष्कळ वाढतो. मोडके डोके मानेत काडेपेटीची काडी घालून बसवण्याची रीत जुनी आहे, तेव्हा मान जरूर तपासावी. नकली शिपाई बहुधा जुन्या शिपायावरूनच साचा घेऊन ओततात, त्यामुळे नाकडोळे, बटणे बोथट येतात आणि पुष्कळदा तो भरीव, म्हणून जड लागतो. अंगभर सारखी नवी चकाकी आणि बुडाला मात्र मुद्दाम केल्यासारखा मळ, असे दिसले की हात आखडता घ्यावा.

गुंतवणूक म्हणून हिशेब कसा बसतो ते एका उदाहरणाने पाहू. समजा इंग्लंडमधल्या लिलावात २०० युरोची बोली लागली. खरेदीदाराकडून घेतले जाणारे लिलावगृहाचे शुल्क २५ टक्के धरले तर ५० युरो. टपाल १५. झाले २६५. ब्रेक्झिटनंतर, १ जानेवारी २०२१ पासून, ब्रिटनहून येणाऱ्या पार्सलवर इथला व्हॅट लागतो, वस्तू जुनी असली तरी. बहुतेक वस्तूंना तो २३ टक्के, म्हणजे ६१ युरो. (शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना कमी दर आहे, पण वय सिद्ध करायचे आपण.) हातात पेटी पडेपर्यंत ३२६ युरो गेले. उद्या तीच विकायला काढली आणि विक्रेत्याकडून १५ टक्के शुल्क कापले गेले, तर नुसती मुद्दल सुटायला बोली ३८४ पर्यंत चढायला हवी. २०० ची वस्तू ३८४ ला जाईपर्यंत नफ्याचा एक सेंटही नाही, आणि त्या काळात ना व्याज ना लाभांश. पोस्टाची बचत प्रमाणपत्रे निदान झोपेत तरी वाढतात.

भाव वाढतीलच याचीही खात्री नाही, उलट काळजीचे एक कारण आहे. हे शिपाई जमवणारी पिढी ही लहानपणी त्यांच्याशी खेळलेली पिढी. विन्स्टन चर्चिल यांच्याकडे मुलगा असताना जवळजवळ दीड हजार शिपाई होते. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' हे शिपायांच्या लढायांचे नियमपुस्तक लिहिले. शिशाशी ज्यांचे बालपण जोडले होते ती शेवटची मुले आज सत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहेत. त्यांचे संग्रह बाजारात येत राहणार आणि घेणारे तेवढे नाहीत. अमेरिकेतले धनाढ्य प्रकाशक माल्कम फोर्ब्स यांनी मोरोक्कोतल्या टँजिअर शहरातल्या वाड्यात शिपायांचे संग्रहालयच थाटले होते. १९९० मध्ये ते गेले, आणि पुढे संग्रहालय बंद होऊन शिपाई विकले गेले. अतिदुर्मिळ संच, पेटीसह, टिकून राहतील असे मला वाटते. पण बिस्किटाच्या डब्यातले सैन्य मुलांच्या कॉलेजच्या फीला उपयोगी पडेल या भ्रमात कोणी राहू नये. सहलीला, सिनेमाला जेवढे खर्चून आपण विसरतो तेवढेच यात घालावे. पेन्शनमध्ये ज्यादा भरायचे पैसे तर इकडे वळवूच नयेत, कारण तिथे करात सवलत मिळते आणि इथे ती नाही.

कर म्हणाल, तर अधूनमधून एखादी वस्तू विकणाऱ्याला फारशी भीती नाही. २,५४० युरो किंवा त्याहून कमी किमतीला विकलेल्या वस्तूवरचा नफा भांडवली नफ्याच्या करातून मुक्त आहे. शिवाय वर्षाला १,२७० युरोपर्यंतचा असा नफा माफ, आणि त्यापुढे ३३ टक्के. एकच संच तुकड्यातुकड्याने त्याच माणसाला विकून मर्यादा चुकवता येत नाही. मात्र दर महिन्याला डबे विकत घेऊन, निवडून, संगणकावरून विकायला लागलात तर तो छंद राहत नाही, धंदा होतो, आणि त्यावर आयकर लागतो. २०२३ पासून अशा विक्रीच्या व्यासपीठांना वर्षात ३० किंवा जास्त व्यवहार, अथवा २,००० युरोंहून जास्त उलाढाल करणाऱ्यांची माहिती सरकारला द्यावी लागते. 'कोणाला कळतेय' हे दिवस गेले.

एक सूचना भारतातून काही आणणाऱ्यांसाठी. शिपाई पाहिले की आपल्या गावाकडचे पितळी घोडेस्वार, खंडोबाची घोड्यावरची जुनी मूर्ती, देव्हाऱ्यातले टाक आठवतात. 'तिकडे धूळ खात पडण्यापेक्षा इकडे संग्रहात ठेवू' असे मनात येते. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी अशी कलावस्तू परवानगीशिवाय भारताबाहेर नेता येत नाही, मग ती आपल्या आजोबांचीच का असेना. विमानतळावर अडकण्यापेक्षा आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करावी.

ज्यांना फक्त मजा हवी आहे त्यांच्यासाठी आयर्लंडमध्येच एक चांगली जागा आहे. काउंटी कॉर्कमध्ये मॅक्रूमजवळ किलनामार्टिरा या खेड्यात 'प्रिन्स ऑगस्ट' हा शिपायांचा कारखाना आहे. स्वीडनहून आलेल्या कुटुंबाने १९७० च्या दशकात तो तिथे उभारला. घरी ओतायचे साचे ही त्यांची खासियत. लिक्सलिपहून गाडीने तीन-सव्वातीन तास. जाण्याआधी वेळा विचारून घ्याव्यात. आठ-दहा वर्षांच्या मुलांना ओतकाम कसे होते ते पाहायला मिळाले तर एका दिवाळीच्या सुट्टीचे सार्थक होईल.

संग्रह थोडा मोठा झालाच असेल तर दोन कामे याच महिन्यात करावीत. घराच्या विम्यात वस्तूंची यादी आणि फोटो दिल्याशिवाय असा ऐवज बहुधा पूर्ण धरला जात नाही, तेव्हा विमा कंपनीला लेखी विचारावे. आणि एका वहीत प्रत्येक संचापुढे तो केव्हा, कितीला घेतला, खरा की नवा रंगवलेला, विकायचा झाल्यास कुठल्या लिलावगृहाला दाखवायचा, हे इंग्रजीत लिहून ठेवावे, म्हणजे उद्या मुलांनाही वाचता येईल. वही कुठे आहे ते घरातल्या दुसऱ्या माणसाला सांगावे. कपाटाची किल्लीही त्याच माणसाकडे.